तार कशाची?

स्ट्रिंग थिअरीवर मराठीत काहीही वाचा, तंबोऱ्याची तार आलीच म्हणून समजा. विश्वातला प्रत्येक कण म्हणजे एका सूक्ष्म तारेचं वेगळं कंपन. मीही कोल्हापुरात मित्रांना हेच सांगतो आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच, "पण ती तार कशाची?" प्रश्न अजिबात बाळबोध नाही. त्याच्या इतिहासातला एक मोठा टप्पा तर आमच्याच जिल्ह्यातल्या, मूळच्या गडहिंग्लजच्या माणसाच्या नावावर आहे.

१९६८ साली व्हेनेझियानो यांनी अणुकेंद्रातल्या बलाशी संबंधित कणांच्या टकरींसाठी एक सूत्र मांडलं. ते बिंदूंचं नसून तारांचं आहे, हे नाम्बू, नील्सन आणि सस्किंड यांना १९७०च्या सुमारास स्वतंत्रपणे उमगलं. पण ही तार तंबोऱ्याची नव्हे. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारेवर शाईचा ठिपका देता येतो. खुंटी पिळली की ताण वाढतो, सूर चढतो. नाम्बूंच्या तारेवर ठिपका देताच येत नाही. तिच्या लांबीच्या दिशेनं होणाऱ्या हालचालीला अर्थच नाही. फक्त आडवी कंपनं खरी. ओढली तर ताण तेवढाच राहतो, तार मात्र वाढते, कारण ओढण्यात खर्चलेली ऊर्जाच नवी तार होते. म्हणजे ती 'कशाची' नाहीच. ताण हीच तिची ओळख.

१९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्झ यांनी, तसंच स्वतंत्रपणे योनेया यांनी, याच तारांमध्ये गुरुत्वाकर्षण दडल्याचं दाखवलं आणि सिद्धान्ताचा रोख बदलला.

पण या एकुलत्या ओळखीचा तरी भरवसा काय? पुंजभौतिकीत मूळ समीकरणात लिहिलेले आकडे सहसा जसेच्या तसे टिकत नाहीत, त्यांत दुरुस्त्या कराव्या लागतात. १९८९ मध्ये प्रिन्स्टनला पीएच.डी. करत असलेले अतीश दाभोलकर आणि जेफ्री हार्वी यांनी दाखवलं, की सुपरसिमेट्री असेल तर लांब, सरळ तारेच्या ताणाला अशी दुरुस्ती लागत नाही. अशा दोन तारा समांतर ठेवल्या, तर त्यांच्यातलं आकर्षण आणि प्रतिकर्षण एकमेकांना पुरतं फेडतं.

त्याच प्रकारच्या, पण वर्तुळाभोवती गुंडाळलेल्या तारांची कंपनं किती तऱ्हांनी होऊ शकतात, हे नेमकं मोजता येतं. १९९५ मध्ये अशोक सेन यांनी ही मोजणी कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीशी ताडून पाहिली. जुन्या समीकरणांत या कृष्णविवरांच्या क्षितिजाचं क्षेत्रफळ शून्य येत होतं. २००४ मध्ये, तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेल्या दाभोलकरांनी तारांच्या सिद्धान्तातूनच येणाऱ्या दुरुस्त्या धरून हिशेब केला आणि दोन्ही बाजू जुळल्या. २०१९पासून ते त्रिएस्ते इथल्या आयसीटीपी या संस्थेचे संचालक आहेत.

तार अजून कुणी पाहिलेली नाही, कुठल्या प्रयोगात ती सापडलेलीही नाही. माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिलेले प्रोग्रॅम एकच उत्तर देऊ लागले, की हिशेब बरोबर असल्याची खात्री पटते. गिऱ्हाईकाला हेच हवं होतं का, हे मात्र त्यातून कळत नाही. तारांचं तूर्त असंच आहे. हिशेब जुळलाय, निसर्गाला विचारायचं राहिलंय.