मुखवट्यातली मंथरा

१९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं की घोडपदेवच्या आमच्या चाळीत एका टीव्हीसमोर अख्खा मजला जमायचा. मंथरा दिसली की आजी कडाकडा बोटं मोडायची. ती मंथरा म्हणजे ललिता पवार. ही बाई एके काळी तलवार चालवणारी हिरोईन होती असं कुणी सांगितलं असतं, तर आजीने त्यालाच वेड्यात काढलं असतं.

पण आधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ. मूकपटांच्या काळातल्या अनेक वेस्टर्न्सचा साचा ठरलेला: मुलगी एक, पुरुष दोन. १९२३ चा ‘द कव्हर्ड वॅगन’ घ्या. मॉलीचं लग्न ठरलंय वुडहलशी, मन बसलंय बॅनियनवर. वुडहल बॅनियनच्या जिवावर उठतो आणि शेवटी बॅनियनच्या मित्राच्या गोळीने मरतो. तेव्हा मॉली कुठे असते? दूर ओरेगॉनमध्ये, वाट बघत. म्हणजे निवड तिची, पण निकाल लावणार बंदूक, आणि तीही पुरुषाच्या हातातली.

घोडदौड, पाठलाग, हाणामारी हा मसाला आपल्याकडेही तुफान चालायचा. डग्लस फेअरबँक्सचे चित्रपट तर इथे भलतेच लोकप्रिय. त्याच्या ‘द मार्क ऑफ झोरो’तला (१९२०) मुखवटेवाला वीर पाहिला, की आपले देमार मूकपट कुठून आले ते कळतं.

त्यातलाच एक, पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा ‘दिलेर जिगर’ (१९३१). दिग्दर्शक जी. पी. पवार. हमीर आणि सारंगा हे कसरती करणारं जोडपं. गादी बळकावलेल्या कालसेनचा सारंगावर डोळा. म्हणजे त्रिकोण तोच! पण हमीर कैदेत पडतो आणि मुखवटा चढवून लढायला उतरते ती सारंगा. म्हणजेच ललिताबाई, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या.

पुढे १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या सेटवर भगवानदादांची थप्पड जोरात बसली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या, उरली खाष्ट सासू.

आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट बनले, त्यातले बहुतेक नष्ट झाले. ‘दिलेर जिगर’ वाचला, म्हणून सारंगा वाचली. बॅकअप न घेतल्याने आपण किती सारंगा गमावल्या, देव जाणे.

असो. आजीला मात्र एकदा दाखवायला हवा होता.