विषाची परीक्षा

विषाची परीक्षा पाहू नये, असं आपली वडील माणसं सांगत आली आहेत. शहाणपणाचंच बोलणं ते. पण वाचकहो, कुणी तरी ती परीक्षा पाहिलेली असते, म्हणून तर आपण औषधाची बाटली निर्धास्तपणे तोंडाला लावतो. ही परीक्षा पाहण्याचं रीतसर शिक्षण असतं; त्याला विषशास्त्र म्हणतात. ते शिकायला निघालेल्या एका मुलीची ही हकीकत आहे.

फ्रान्सिस ओल्डहॅम ही कॅनडातली. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून ती एम. एस्सी. झाली आणि १९३६ साली शिकागोच्या प्राध्यापक गाइलिंग यांच्याकडे तिने कामासाठी अर्ज धाडला. होकाराचं उत्तर आलं, पण त्यावर मायना होता 'मिस्टर ओल्डहॅम'! फ्रान्सिस हे नाव पुरुषाचं, असा प्राध्यापकमजकुरांचा समज झाला होता. तिच्या गुरूंनी सल्ला दिला, की सहीपुढे कंसात 'मिस' लिही आणि खुशाल जा. ती गेली.

पुढल्याच वर्षी, १९३७ च्या शरद ऋतूत, अमेरिकेत हाहाकार उडाला. सल्फानिलामाइड हे तेव्हाचं मोठं गुणकारी औषध. मात्र ते गोळीच्या रूपात मिळे आणि लोकांना हवं होतं पातळ. टेनेसीतल्या मॅसेंगिल कंपनीच्या रसायनज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉल या द्रावकात विरघळवलं, रासबेरीचा स्वाद दिला, रंग पाहिला, वास पाहिला, आणि माल बाजारात सोडला. द्रावक पोटात गेल्यावर काय करतं, एवढंच पाहिलं नाही! शंभरावर माणसं दगावली. त्यांत ३४ मुलं होती. गोड लागतं ना, म्हणून मुलांना देणं सोपं.

दोष कुणाचा? औषधाचा की द्रावकाचा? हा प्रश्न गाइलिंग यांच्या प्रयोगशाळेत आला. उत्तर शोधण्याची रीत साधी, पण चोख होती. काही जनावरांना नुसतं औषध द्यायचं, काहींना नुसता द्रावक, काहींना ते मिश्रण, आणि पाहत बसायचं. उंदरांवर नजर ठेवण्याचं काम ओल्डहॅमबाईंकडे होतं. द्रावक मिळालेल्या जनावरांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली. गुन्हेगार सापडला.

गंमत पाहा (गंमत कसली म्हणा!), तेव्हाच्या कायद्यात विषारी औषध विकणं हा गुन्हाच नव्हता. कंपनीवर खटला भरला तो खोट्या नावाचा! 'एलिक्झिर' म्हटलं की त्यात मद्यार्क हवा आणि यात तो नव्हता, एवढाच आधार. पुढल्याच वर्षी, १९३८ साली, नवा कायदा झाला: औषध सुरक्षित आहे हे आधी दाखवा, मग विका. त्याच वर्षी बाईंना पीएच. डी. मिळाली.

महायुद्धाच्या काळात हिवतापावरच्या औषधांचा शोध चालला होता. तेव्हा त्यांना आढळलं, की मोठा ससा क्विनीन चटकन पचवून टाकतो, पण सशाच्या पोटातल्या गर्भाला ते मुळीच जमत नाही. आईला सोसतं ते पोटातल्या जिवाला सोसेलच असं नाही, ही गोष्ट त्यांनी मनात पक्की धरली. १९४३ साली सहकारी डॉ. केल्सी यांच्याशी लग्न झालं आणि त्या केल्सीबाई झाल्या.

१९६० साली त्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि महिनाभरात थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज टेबलावर आला. युरोपात ते सर्रास खपत होतं. बाईंना पुरावा अपुरा वाटला. त्यांनी आणखी माहिती मागवली. कंपनीचे लोक खेटे घालू लागले, वरिष्ठांकडे कागाळ्या झाल्या. एका ब्रिटिश नियतकालिकात या औषधाने हातापायांच्या नसा बिघडतात असं पत्र आलं होतं, ते वाचून बाईंनी विचारलं: मग गर्भाचं काय? कंपनीजवळ उत्तर नव्हतं. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीतून ते उत्तर आलं: हातपाय अर्धवट वाढलेली बाळं. जगभरात अशी दहा हजारांवर मुलं जन्मली. अमेरिकेत मात्र ते औषध विक्रीला आलंच नाही. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींनी बाईंना पदक दिलं आणि कायदाही अधिक कडक झाला.

केल्सीबाई २०१५ साली, १०१ वर्षांच्या होऊन गेल्या. पण त्यांच्या उंदरांचा वैरी आपल्याकडेही येऊन गेला बरं का! १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मूत्रपिंडं बंद पडून गेले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये भेसळ होती आणि भेसळ होती डायएथिलीन ग्लायकॉलचीच. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा कारखान्यांत वापरायचा माल रुग्णांच्या पेल्यापर्यंत कसा पोचला, त्या वाटेवर कुणी कुणी सह्या केल्या, हे सारं उजेडात आलं.