स्पंजातलं खोटं अक्षर

भाईंदरहून लोकलने परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्या ब्लड कॅन्सरच्या अनेक पेशंटना सायटॅराबिनचं इंजेक्शन ओळखीचं असतं. त्याचं मूळ समुद्रातल्या स्पंजात आहे, हे मात्र फार कुणाला ठाऊक नसतं.

१९४५ साली येलचे रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन यांनी फ्लोरिडाजवळच्या समुद्रातून एक स्पंज आणला. ते शोधत होते स्निग्ध द्रव्यं. कॅन्सरचा विषयही नव्हता. गरम अॅसिटोनमधून मात्र भलतेच स्फटिक मिळाले. रचना डीएनएच्या घटकांसारखी, फक्त साखर वेगळी: अरॅबिनोज.

त्याच धर्तीवर १९५९ साली प्रयोगशाळेत सायटॅराबिन तयार झालं आणि १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कोड लिहिणाऱ्यांना ही युक्ती चटकन कळेल. विभागण्याआधी पेशी डीएनएची नक्कल काढते. हे खोटं अक्षर तिला खरंच वाटतं, ती ते साखळीत बसवते आणि पुढची जोडणी अडते. पेशी मरते. भराभर विभागणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशी यात जास्त सापडतात. अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही सुटत नाहीत; ट्रीटमेंटमध्ये सतत रक्त तपासतात ते म्हणूनच.

आज या औषधासाठी एकही स्पंज समुद्रातून काढावा लागत नाही.