रास्त भाव : कोणाच्या बाजूने?

भंडारा जिल्ह्यात शिधापत्रिकेवर धान्य देणाऱ्या दुकानावर 'रास्त भाव दुकान' अशी पाटी असते. 'रास्त' हा शब्द फारसीतला. सरळ, योग्य हा त्याचा अर्थ. पाटीवरचे रास्तपण मात्र खाणाऱ्याच्या बाजूने मोजलेले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये किलो ठरवला आणि जानेवारी २०२३ पासून तो मोफत झाला. भाव उरला नाही, पाटी आहे.

युरोपात हीच कल्पना पिकवणाऱ्याच्या बाजूने मांडली गेली, आणि तिचे नाव एका कादंबरीतून आले. जावातील लेबाक येथे डच अधिकारी असलेल्या एडवर्ड डाउवेस डेकर यांनी राजीनामा दिला आणि 'मुल्तातुली' या टोपणनावाने १८६० साली 'माक्स हावेलार' प्रसिद्ध केली. वसाहतीतील रयतेची पिळवणूक हा तिचा विषय. १९८८ साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतील छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीवर या नायकाचे नाव न्याय्य व्यापाराची खूण म्हणून छापले गेले. ज्या पुस्तकात कॉफीच्या दलालाची यथेच्छ टर उडवली आहे, त्याचेच नाव कॉफीच्या पुड्यावर यावे, हा उपरोध लेखकाला आवडला असता.

ही खूण १९९२ मध्ये जर्मनी-स्वित्झर्लंडला आणि १९९४ मध्ये ब्रिटनला पोचली. स्वित्झर्लंडमध्ये केळ्यांवर ती सर्रास दिसू लागली. ब्रिटनमध्ये दोन दशके विक्री चढत गेली आणि २०१४ मध्ये, दुकानसाखळ्यांत स्वस्ताईची चुरस लागली असताना, प्रथमच घटली; जर्मनीत ती त्या वेळीही वाढतच होती. २०१७ मध्ये सेन्सबरी या ब्रिटिश साखळीने आपल्या चहासाठी ही खूण सोडून स्वतःची निराळी काढली. ग्राहकाच्या सदिच्छेवर उभा असलेला न्याय असा देशागणिक आणि दुकानागणिक हलतो.

भंडाऱ्याच्या धानाचा भाव ग्राहक नव्हे, सरकार ठरवते. कृषिमूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ ही दोन्ही १९६५ सालची अपत्ये. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये, 'अ' प्रतीची २३८९. केंद्रावर विकलेले धान गिरणीतून भरडून शिधावाटपाकडे जाते. पिकवणाऱ्याचा आणि खाणाऱ्याचा रास्तपणा एकाच पोत्यात भरलेला असतो, मधला फरक सरकारी तिजोरी सोसते.

या हिशेबात धानाच्या प्रती दोनच. भंडाऱ्याच्या सुवासिक, कमी उताऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण ते वाण कुठले हे सांगते, पिकवणाऱ्याला काय मिळावे हे नाही. खरेदी केंद्राच्या काट्यावर सुगंधाला वेगळा भाव नाही.