वसईच्या मोहिमेंतील माणसांची जुळणी

भांडुप व मुलुंड यांच्यामधील नाहूर हा गांव आज कारखाने, कचेऱ्या आणि उंच इमारती यांनीं वेढलेला आहे. पूर्वीं साष्टी बेटांतील इतर खेड्यांप्रमाणें तो फिरंगी अमलाखालीं होता, इ. स. १५३४ पासून १७३७ पर्यंत, म्हणजे सुमारें दोनशें वर्षें, तेथें पोर्तुगालच्या राजाची सत्ता चालली. पुष्कळ माणसांकडून एक अवघड काम मन लावून कसें करून घ्यावें, हा प्रश्न या पट्ट्यांतील कारखानदारांस नित्य पडत असेल. ज्या मोहिमेनें हा गांव मराठी राज्यांत आला तिच्या धुरीणांसही तोच प्रश्न पडला होता. त्यांनीं तो कसा सोडविला हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

वसईचा वेढा म्हटला कीं महाराष्ट्रांत एक गोष्ट हटकून सांगण्यांत येते. किल्ला हातीं येत नाहीं असें पाहून चिमाजीअप्पा संतापले, आणि किल्ला मिळत नसेल तर निदान आपलें मस्तक तरी तोफेनें आंत उडवा, असें त्यांनीं सरदारांस सांगितलें. त्या शब्दांनीं चेव येऊन लोकांनीं किल्ला घेतला. ही बखरींच्या परंपरेंतील गोष्ट आहे. ती वीररसाची आहे, व ती सांगणारांचा हेतूही चांगला आहे. परंतु तिच्यामुळें असा समज होतो कीं, पुढाऱ्यानें एक तिखट वाक्य उच्चारलें म्हणजे दमलेले लोक आपोआप कामास लागतात. हा समज आम्हांस मान्य नाहीं. मोहिमेचा क्रम पाहिला तर यशाचें मूळ अन्यत्र सांपडतें.

मोहिमेचा आरंभ इ. स. १७३७ च्या मार्चांत झाला. फिरंगी ठाण्यास नवा किल्ला बांधीत होते व तो अद्यापि पुरा झाला नव्हता, तोंच मराठ्यांनीं तो घेतला आणि साष्टींत पाय रोवला. या कामांत शंकराजी केशव फडके, खंडोजी माणकर व अंजूरचे गंगाजी नाईक हीं नांवें प्रमुख आहेत. अंजूरकर नाईक बंधूंनीं त्यापूर्वीं कित्येक वर्षें पेशव्यांकडे खेपा घातल्या होत्या. खाडीचे उतार, गांवोगांवचे लोक आणि फिरंग्यांच्या चौक्या यांची माहिती त्यांस होती. बाहेरून आलेल्या सरदारानें स्थानिक माणसाचें म्हणणें ऐकून घेणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं, हें कोणत्याही कचेरींत बसलेला मनुष्य सांगेल.

खुद्द वसई मात्र १७३७ व १७३८ या दोन्ही सालीं हातीं आली नाहीं. माहीमवरचा हल्लाही फसला. बाजीराव तेव्हां निजामाशीं भोपाळास गुंतले होते, चिमाजीअप्पांसही दुसऱ्या बाजूस लक्ष ठेवणें भाग होतें, आणि कोंकणांतील लोकांस पुरेसें बळ मिळत नव्हतें. येथें हें ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, अपयशाच्या या दोन वर्षांतही शौर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती साधनांची व एकसूत्रीपणाची. तीच माणसें पुढें यशस्वी झालीं.

इ. स. १७३९ च्या आरंभीं अप्पा स्वतः कोंकणांत उतरले, आणि कामाची वांटणी नव्यानें झाली. वसईवर एकदम धडक न मारतां आधीं आजूबाजूचीं ठाणीं घेण्यांत आलीं. उत्तरेस माहीम, केळवें व तारापूर हीं जानेवारींत पडलीं. नंतर वेसावें आणि वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील धारावी हीं ठाणीं आलीं, व वसईचे मदतीचे मार्ग आवळले गेले. प्रत्येक पथकास आपल्या शक्तीबाहेर नसलेलें एक काम आणि तें पुरें केल्याचें समाधान, हा या वांटणीचा परिणाम आम्ही सर्वांत मोठा मानतों. दोन वर्षें मार खाल्लेल्या लोकांचा विश्वास भाषणानें परत येत नाहीं. लहान लहान विजयांनीं येतो.

तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेटरेकर हा नामांकित सरदार ठार झाला. पेशव्यांकडून त्याच्या मातोश्रीस सांत्वनपत्र गेलें. मोहीम ऐन भरांत असतां, लढाईच्या धामधुमींत असें पत्र लिहिण्यास सवड काढली गेली, ही गोष्ट छावणींतील प्रत्येकाच्या कानीं गेल्याशिवाय राहिली नसेल.

फेब्रुवारींत वसईस मोर्चे लागले. किल्ल्यास तीन बाजूंनीं पाणी. जमिनीची वाट काय ती उत्तरेकडून. म्हणून सगळा भर सुरुंगांवर पडला. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांच्यासारखे घोड्यावरचे सरदार तेथें रेताड जमिनींतील मोर्च्यांत उतरले. नर्मदेपलीकडे दौडत जाण्याची संवय असलेल्या माणसांस हें काम जाचक वाटलें असेल यांत शंका नाहीं. इकडे नादिरशहा दिल्लींत शिरल्याची वार्ता आल्यामुळें उत्तरेकडे फौज नेण्याची घाई बाजीरावांस झाली होती. अप्पांची प्रकृति मुळांतच क्षीण. इतकें असूनही सुरुंगांचें काम पुरें झाल्याखेरीज निर्वाणीचा हल्ला झाला नाहीं.

मे महिन्यांत सुरुंगांस बत्ती दिली. कांहीं उडाले, कांहीं उडाले नाहींत. तट पडला म्हणून लोक आंत घुसले, तों मागें राहिलेला एक सुरुंग उशीरा उडून शेंकडों आपलीच माणसें मेलीं. येथें मोहीम मोडावयाची. तथापि दुसऱ्या दिवशीं पुन्हां हल्ला झाला, सेंट सेबास्तियन बुरुजाकडे मराठ्यांनीं पाय रोवला, आणि फिरंग्यांनीं तहाचें बोलणें लाविलें. ग्रँट डफनें मराठ्यांची हानि पांच हजारांवर व फिरंग्यांची आठशें दिली आहे. विजयानंतर ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांत अप्पांनीं सुरुंग व हल्ले यांची हकीकत दिली आहे. तोफेच्या गोष्टीपेक्षां हें पत्र आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

प्रतिपक्षाकडेही पाहिलें पाहिजे. वसईचे फिरंगी भेकड नव्हते. त्यांचा सेनापति सिल्व्हेरा द मेनेझेस लढतां लढतां पडला. परंतु गोव्याहून पुरेसें साह्य येईना, आणि मुंबईकर इंग्रजांकडून पंधरा हजार रुपयांचें कर्ज काढण्यासाठीं त्यांस देवळांतील चांदी व पितळी तोफा तारण ठेवाव्या लागल्या. वरिष्ठांनीं पाठ फिरविल्यावर तटावरील शिपायानें किती दिवस उमेद धरावी?

तहांत फिरंगी फौजेस शस्त्रें, निशाणें व वाद्यें यांसह जाऊं दिलें, व ख्रिस्ती रयतेस धर्माची मोकळीक राहिली. वसईच्या देवळांतील घंटा पुढें महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं गेल्या. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, भीमाशंकर व मेणवली येथें त्या पाहावयास मिळतात. चिमाजीअप्पांनीं वज्रेश्वरीस केलेला नवस शंकराजी केशवांनीं देवालय बांधून फेडला. अप्पा स्वतः इ. स. १७४० च्या डिसेंबरांत वारले. नाहूरासह साष्टी बेट मराठ्यांकडे पुढें इंग्रजांनीं ठाणें घेईपर्यंत, म्हणजे १७७४ च्या डिसेंबरपर्यंत, राहिलें.