शिवडीचा चिखल

मुंबई सात बेटांची होती, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या बेटांच्या मधे काय होते? तिथे चिखल होता. भरतीला बुडणारा, ओहोटीला उघडा पडणारा, कडेने तिवरांची झाडी असलेला. पायधुनी आणि उमरखाडी ही नावे त्या पाण्याची आठवण अजून देतात.

अठराव्या शतकात, गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, महालक्ष्मी-वरळीमधली खाडी बांध घालून अडवली गेली. मग सखल कामाठीपुऱ्यात वस्ती झाली. पुढे भरावामागून भराव पडत गेले. त्याला नाव मिळाले रिक्लेमेशन, म्हणजे परत मिळवणे! जी जागा मुळात समुद्राची, ती आपण 'परत' कशी मिळवली, हे कुणी विचारले नाही.

पूर्व किनारा गोद्यांनी व्यापला. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट आला. तरीही शिवडीच्या किल्ल्याखाली चिखलाचा एक पट्टा शिल्लक राहिला. नकाशावर तो पडीक दिसतो. प्रत्यक्षात ते भरलेले ताट आहे. तिवरांची पाने गळून कुजतात. त्यावर खेकडे, कोलंबी, निवट्या पोसतात. चिखल्या आणि तुतवार पक्षी हिवाळ्यात दूर उत्तरेकडून इथे येतात. १९९०च्या दशकापासून हजारो रोहित पक्षीही येऊ लागले. त्यांतल्या लहान रोहितांचे मुख्य अन्न म्हणजे सूक्ष्म शेवाळ, आणि ते वाढण्यामागे शहराच्या मैलापाण्याचाही हात असावा, असे अभ्यासक मानतात. तेव्हा रोहित आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली, असे समजून चालणार नाही.

२००५च्या जुलैमध्ये मुंबई बुडाली, तेव्हा खारफुटीचे मोल अनेकांना प्रथमच उमगले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास मनाई केली. २०१८ साली न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितले, की खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. २०१५ साली ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले. २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला.

परंतु अभयारण्याची हद्द वाशी-ऐरोलीकडे आहे. शिवडी तिच्या बाहेर. २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू तर याच चिखलावरून समुद्रात जातो. जुन्या मुंबईच्या किनाऱ्यावर असा चिखल आता फारसा उरलेला नाही. निदान याला तरी आपण रिकामी जागा म्हणू नये.