व्यापारी संगणकांची एक वंशावळ

राजघराण्यांच्या वंशावळी आपण आवडीनें वाचतों. आज यंत्रांच्या एका घराण्याची हकीकत सांगावयाची आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत रॉचेस्टर नांवाचें शहर आहे. तेथील आय. बी. एम. कंपनीच्या कारखान्यांत हें घराणें उदयास आलें.

मूळपुरुष 'सिस्टिम/३', साल १९६९. मोठा संगणक ज्यास परवडत नसे, अशा मध्यम व्यापाऱ्यासाठीं तो घडविला होता. पुढें दोन शाखा फुटल्या. एकींत १९७५ चा ३२, १९७७ चा ३४ आणि १९८३ चा ३६ हे साधे, सुटसुटीत संगणक निपजले. दुसरींत १९७८ सालीं जाहीर झालेला 'सिस्टिम/३८' मोठा विचारी निघाला. त्यांत आज्ञावली यंत्राशीं थेट बोलत नसे. मध्यें एक दुभाषा बसविला होता. माहितीचें कोठार तर त्याच्या कार्यप्रणालींतच गोंवलेलें होतें.

ह्या दुभाष्याचें महत्त्व काय? पेढीचा माल, उधारी, पगार ह्यांच्या आज्ञावली लिहिण्यांत वर्षें खर्ची पडतात. यंत्र जुनें झालें आणि नव्यास जुनी भाषा कळेना, तर तें सारें भांडवल बुडालेंच म्हणावयाचें. प्रत्यक्षांत ३६ वरील आज्ञावली ३८ वर जशाच्या तशा चालत नसत, भाऊबंदकीच ती!

तारीख २१ जून १९८८ रोजीं 'ए. एस./४००' जाहीर झाला व दोन्ही शाखा एकत्र आल्या. त्याचा पिंड ३८ चा होता. तथापि ३६ च्या आज्ञावलींनाही थोड्या फेरजुळणीनें त्यांत थारा मिळाला. खरी कसोटी १९९५ सालीं लागली. यंत्राचें काळीजच बदललें. ४८ बिटांची जुनी रचना जाऊन ६४ बिटांची नवी 'पॉवरपीसी' आली. परंतु ज्या आज्ञावलींबरोबर त्यांचा मधला आराखडा जपून ठेवला होता, त्यांचें दुभाष्यानें नव्या भाषेंत आपोआप रूपांतर केलें. मूळ मजकूर पुन्हां लिहावा लागला नाहीं.

२००० सालीं ह्या घराण्याचें नांव 'आय-सीरीज' झालें, २००६ सालीं 'सिस्टिम आय', आणि २००८ पासून त्याची कार्यप्रणाली 'आय. बी. एम. आय' म्हणून ओळखली जाते. नांवें फिरलीं, यंत्रें मोडीत गेलीं. गिऱ्हाइकाचे श्रम मात्र वांचले. कोणतेंहि यंत्र घेतांना त्याचा वेग आपण विचारतोंच. तें जाईल तेव्हां आपलें काम मागें उरेल काय, हेंहि विचारावें. ह्या वंशावळीचें सार तेंच आहे.